आत्याने गावभर वाटलेल्या गोळ्या

तांबडीने वसुबारसेला पूजेचं ताट लाथेने उडवलं, त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा माझ्या शिक्षणाची गरज पडली.

तोपर्यंत ती कुणाला पडली नव्हती. मी आमच्या घराण्यातलाच नव्हे, गावातलाही पहिला पदवीधर. आमचं गाव कामशेतजवळ, इंद्रायणीच्या काठाला. पाऊस भरपूर, भात चांगला, शाळा चौथीपर्यंत. पुढचं लोणावळ्याला शिकलो, त्याच्यापुढचं पुण्यात, आणि शेवटी मुंबईहून गुरांच्या डॉक्टरीची परीक्षा पास होऊन आलो. गावाने हार घातला, वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत वाजत नेलं. देवळात सगळे टेकले, पानसुपारी झाली, आणि मग आमच्या समोरच्या घरातल्या आबांनी वडिलांना विचारलं,

"पर शिकला काय म्हनायचं?"

"डाक्टरी."

"आरं वा! तापाची का हाडाची?"

"गुराची."

आबांनी चुना लावता लावता हात थांबवला. "मान्सास्नी हातच न्हाई लावायचा?"

"न्हाई."

वडिलांनी एक उसासा टाकला. "गुरामागं फिराया लागू नये म्हनून साळंत घातला. आता सरकार पगार दिऊन गुरामागं फिरवनार."

आत्याला मात्र यात वाईट काही दिसलं नाही. ती वडिलांची थोरली बहीण. गाव तिला आक्का म्हणायचं. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परत आली ती हातात एका गाईचं दावं घेऊन. माझी आई मी लहान असतानाच गेली, तेव्हा मला वाढवलं या आत्याने आणि शिकवलं त्या गाईने. हे मी उगाच म्हणत नाही. आत्या रोज सकाळी दुधाची चरवी डोक्यावर घेऊन कामशेत स्टेशनावर जायची, लोणावळ्याच्या गाडीत चढवायची, तिथल्या बंगल्यांवर ते दूध जायचं, आणि त्यातून माझी फी, पुस्तकं आणि एकदा एक कोटसुद्धा झाला. त्या गाईची लेक म्हणजे ही तांबडी. जेवायला बसताना आत्या पहिला घास घेण्याआधी गोठ्याकडे बघायची. भावाच्या घरी आपण फुकट खात नाही, याची ती तिथे खात्री करून घेत असावी.

तर ती वसुबारस. जर्मनी-जपानची लढाई नुकतीच संपली होती आणि मी लोणावळ्याच्या गुरांच्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली लागलो होतो. दिवाळीला घरी आलो होतो. आमच्या घरात सवाष्ण नसल्यामुळे समोरच्या आबांच्या मंडळी, ज्यांना मी मावशी म्हणायचो, त्या दरवर्षी आमच्या तांबडीची पूजा करून जायच्या आणि आत्या दावं धरून उभी राहायची. मावशींनी पायावर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, आणि ओवाळायला जरा वाकल्या तोच तांबडीने मागचा पाय असा झाडला की ताट आढ्याला लागून खाली आलं. निरांजन शेणात पडलं म्हणून गोठा वाचला.

"आक्का, गाय बाधली गं तुजी!"

"बाधली न्हाई न् काय न्हाई," आत्या म्हणाली. "गरीब गाय हाय माजी. कायतरी दुकतंय तिचं."

तिने कासेला हात लावला आणि तसाच ठेवला. मग मला खुणेने बोलावलं. मी हात लावून पाहिला. मागच्या बाजूचा एक सड आणि त्यावरची कास तापलेली, आणि घट्ट, जणू कातड्यात पाटा-वरवंटा भरून ठेवला आहे. आत्याने हलकेच पिळलं तर दुधाऐवजी पिवळसर पाणी आणि चोथा आला.

"दगडी," मावशी म्हणाल्या. आमच्याकडे या दुखण्याला दगडीच म्हणतात. नाव ऐकलं की लोक दुसरं काही विचारत नाहीत, कारण दगडी झालेली गाय पुन्हा धड होत नाही, हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. वडीलही काही विचारत बसले नाहीत. म्हणाले, "दिवाळी हुंद्या. मंग तळेगावच्या बाजारात न्यावी."

तळेगावच्या बाजारात भाकड गाय कोण घेतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"गाय गेली तर मी बी हितं बसून खानार न्हाई," आत्या म्हणाली. आवाज चढवला नाही, त्यामुळे वडील घाबरले. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "मंग डाक्टर? तुला हे शिकिवलंय का न्हाई?"

शिकवलं होतं! इतक्या वर्षांत कुणीतरी मला माझ्याच अभ्यासातला प्रश्न विचारला होता. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने लोणावळ्याला गेलो आणि मोठ्या डॉक्टरांकडून सल्फाच्या गोळ्यांचा अख्खा डबा घेऊन आलो. लढाईसाठी केलेल्या मालातला उरलेला डबा होता तो, वर इंग्रजी शिक्का, आत शुभ्र गोळ्या काठोकाठ. तेव्हा या औषधाचा मोठा दबदबा होता. पुस्तकातही होतं, बाजारातही होतं, आणि आता आमच्या गोठ्यात आलं होतं.

मी आत्याला समोर बसवून नीट समजावलं. माझी समजावण्याची पद्धत परीक्षेत उत्तर लिहिण्यासारखी होती.

"आत्या, कासेत जंतू शिरलेत."

"कुटं हायत?"

"डोळ्यांना दिसत नाहीत."

"मंग तुला कसं कळलं?"

"यंत्रातून दिसतात."

"यंत्र आनलंयस?"

"नाही."

"बरं," आत्या म्हणाली. "देव बी दिसत न्हाई. पुढं बोल."

मी तिला सांगितलं, की रोज सकाळ-संध्याकाळ मूठभर गोळ्या कुटायच्या, गुळात कालवायच्या, गाईला चारायच्या. गाय बरी दिसली तरी थांबायचं नाही. डबा संपेपर्यंत द्यायच्या. मूठभर म्हटल्यावर तिने डोळे मोठे केले. लोणावळ्याच्या माणसांच्या दवाखान्यात तिला एकदा तापावर दोन गोळ्या मिळाल्या होत्या आणि तेवढ्यात ती खणखणीत झाली होती.

"मान्साला दोन आन गाईला मूठ?"

"गाय मोठी असते, आत्या."

"म्हंजी काय हत्तीला पोतं?"

पहिल्या मुठी मी स्वतः दिल्या. मोठे डॉक्टर रजेवर जाणार असल्याने मला भाऊबीज न करताच परतावं लागलं. पण कामशेतहून येणाऱ्या दुधासोबत आत्याचा निरोप आला, 'गाय झ्याक. कास लोन्यावानी मऊ.' मी तो निरोप मोठ्या डॉक्टरांना सांगितला, कंपाउंडरला सांगितला, आणि कुणी विचारलं नसताना स्टेशनमास्तरांनाही सांगितला.

पुन्हा गावी गेलो तो भाताच्या झोडणीच्या दिवसांत. या वेळी वेशीवर हार नव्हता, पण मान पहिल्यापेक्षा मोठा होता. वाटेत भेटेल तो हात जोडत होता. "डाक्टर, तुमची गोळी लय गुनाची!" मला बरं वाटलं. तांबडी बरी झाल्याचा आनंद लोकांना एवढा व्हावा, हे पाहून डोळे भरून आले. पण चार घरं ओलांडल्यावर लक्षात आलं की तांबडीचं नाव कुणीच काढत नाही.

"माज्या बैलाचं खांद आलं होतं, येक गोळी उगाळून लावली. उतारलं."

"आमच्या कोंबड्या मरत होत्या, पान्यात टाकली. निम्म्या वाचल्या."

एका घरी ती उंबऱ्याखाली पुरली होती, कारण म्हशीला दृष्ट लागायची. ठाकरवाडीतले एक भाऊ खास डोंगर उतरून मला सांगायला आले होते, की शेळीला दिली, शेळीला काही झालं नव्हतं, पण आता तर अजिबातच काही नाही. आणि समोरचे आबा मला हाताला धरून थेट आपल्या गोठ्यात घेऊन गेले.

"ही बग म्हस. रोज अर्धी गोळी. गुळातनं."

"हिला काय झालं होतं?"

"काय न्हाई. हुयाच्या आधीच."

"आबा, अर्धी कशाला?"

"आरं, संपंल की! पुरवून पुरवून देतो." मग जरा काळजीने म्हणाले, "येवडंच झालंय, की आता गोळी दावल्याबिगर म्हस पान्हा सोडत न्हाई."

म्हशीला गोळीची नव्हे, गुळाची चटक लागली होती. मी घरी गेलो. आत्या अंगणात भात पाखडत होती.

"आत्या, डबा कुठाय?"

तिने अभिमानाने फडताळाकडे बोट दाखवलं. डब्यात मेथ्या होत्या.

मग हळूहळू सगळं समजलं. दिवाळीभर आत्या गोठ्यात कास शेकत बसली होती. घरात फराळाचं काही झालं नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटलं, आक्काच्या घरी गाय आजारी, दिवाळी कसली. म्हणून घराघरांतून भांडी आली. कुणाच्या करंज्या, कुणाच्या कापण्या, कुणाची शेव. ते सगळं वडिलांनी संपवलं. आणि मग आत्यासमोर रिकाम्या भांड्यांची रांग उभी राहिली. आमच्याकडे आलेलं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. घरात काहीच नसलं तर चार दाणे साखर घालतात, तीही नसली तर अंगणातलं जास्वंदाचं फूल टाकतात. पण आत्याच्या घरी काहीच नव्हतं असं कसं म्हणता येईल? डबाभर गोळ्या होत्या की.

"दोन दिवस दिल्या गाईला. कास मऊ झाली, रवंथ कराया लागली. मंग कशापायी द्यायच्या? पोट भरल्यावर कोन जेवतं?"

"मी सांगितलं होतं ना, डबा संपेपर्यंत."

"मंग संपिवला की!" आत्या म्हणाली. "परत्येकाच्या भांड्यात घातल्या. कुनाला कमी न्हाई, कुनाला जास्ती न्हाई. चांगली वस्तू येकट्यानं खाऊ नये, बाबा. तुला ह्येच शिकिवलं ना म्या?"

शिकवलं होतं. मी मेथ्यांच्या डब्याला झाकण लावलं.

पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत दगडी परत आली. आधी आबांच्या म्हशीला, मग आणखी दोन घरांत, आणि मग एके सकाळी तांबडीला, त्याच सडात. यात आत्याचा दुसराही हात होता, म्हणजे तिचे दोन्ही हात होते. गावात तिच्यासारखी धार काढणारं कुणी नव्हतं. आडमुठी म्हैस, पहिलारू गाय, लाथाडं जनावर, काही असलं की 'आक्काला बोलवा' व्हायचं. ती आधी आपल्या तांबडीची धार काढायची, हात पदराला पुसायची आणि मग दुसऱ्यांच्या मदतीला जायची. ज्या हाताने गावाचं भलं झालं त्याच हाताने रोग घरोघर पोचत होता. हे तेव्हा मला कळलं होतं, पण तिला सांगायची हिंमत नव्हती.

मी नवा डबा घेऊन धावलो. या वेळी रजा काढून गोठ्याशेजारी राहिलो. गोळ्या स्वतः कुटल्या, गूळ स्वतः कालवला, मुठी स्वतः चारल्या, एकही गोळी गोठ्याबाहेर जाऊ दिली नाही. कास दगडाची दगडच राहिली. आबांच्या म्हशीलाही भरपूर देऊन पाहिल्या. म्हशीने गूळ चाटून खाल्ला आणि दूध दिलं नाही.

गाव गोठ्याच्या दाराशी जमायचं आणि आपापलं निदान सांगायचं. सर्वांत पटलेलं निदान आबांचं होतं.

"आरं, ती लढाईची गोळी. लढाई व्हती तवर जोर व्हता. आता तह झाला. आता कशाला मारंल ती कुनाला?"

"आबा, हा डबा पहिल्यासारखाच आहे. तोच शिक्का."

"मंग तूच बदलला असशील," आबा म्हणाले. वाईट वाटून नव्हे, सहज.

वडिलांनी दोरखंड काढून त्याला नव्या गाठी मारल्या. तळेगावचा बाजार दोन दिवसांवर होता. आत्याने ते पाहिलं आणि आपल्या दोन लुगड्यांची घडी घालून ती कोनाड्यात काढून ठेवली. कुठे जाणार होती कोण जाणे. जायला जागा नव्हती तिला. पण घडी नीट घातली होती.

मी लोणावळ्याला मोठ्या डॉक्टरांपुढे जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, भांड्यांसकट. ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले, पण थोडं. मग विचारलं, "तुमच्याकडे भात लावता ना? खाचरात तण होतं. अर्धीच खुरपणी करून बाई घरी गेली, तर काय होतं?"

"नाजूक तण निघून जातं, चिवट राहतं."

"आणि बी कुणाचं पडतं?"

"चिवटाचं."

"मग पुढच्या साली?"

शेतकऱ्याच्या मुलाला त्यापुढे सांगावं लागत नाही. तांबडीच्या कासेतले नाजूक जंतू आत्याच्या दोन दिवसांच्या गोळ्यांनी मेले होते. चिवट होते ते राहिले, वाढले, आत्याच्या बोटांवर बसून गावभर गेले, आणि तिथे अर्ध्या-अर्ध्या गोळ्यांनी त्यांच्यातले आणखी नाजूक निवडून काढले. गावाने मिळून, अगदी एकोप्याने, न मरणाऱ्या जंतूंचं बियाणं राखलं होतं. सगळं असंच झालं असेल असं छातीठोकपणे मी आजही म्हणणार नाही. आम्ही ते जंतू यंत्राखाली पाहिलेच नव्हते. पण मोठे डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांचा नाद सोड आता," आणि पुण्याहून महत्प्रयासाने मिळवलेलं पेनिसिलिन त्यांनी माझ्या हातात ठेवलं. लहान लहान कुप्या होत्या. नळीने थेट सडात सोडायचं. एका गाईपुरतंच होतं. बाकी जनावरांसाठी त्यांनी सांगितलं, की दिवसातून अनेकदा पिळून कास मोकळी करा, शेका, आजारी जनावराची धार सर्वांत शेवटी काढा, आणि हात धुवा. हात धुण्यासाठी पोटॅश परमँगनेटची पुडी दिली.

"आणि हे बघ," ते म्हणाले, "या कुप्या भांड्यात पडू देऊ नकोस."

घरी येऊन मी आत्याला तणाची गोष्ट सांगितली, आणि धीर करून तिच्या हातांचीही. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं समजावणं, जे पहिल्या दमात समजलं.

"म्हंजी म्या चिवटांचं बी राखलं म्हन की."

"तू एकटीने नाही."

"न्हाई कसं? म्याच वाटलं." तिने तांबडीच्या पाठीवर हात ठेवला. मग तिने कुप्यांकडे पाहिलं. "ह्या किती जनावरांच्या?"

"एका."

"आन आबांची म्हस? ती दोन घरं?"

"त्यांना शेकणं, पिळणं. डॉक्टरांनी सांगितलंय."

"म्हंजी दुखनं म्या दिलं समद्यांस्नी आन औशिद माज्या येकटीच्या गाईला?" तिने मान हलवली. "न्हाई जमायचं. काय तोंड दावू? उद्या भांडं आलं दारात तर काय घालू त्यात?"

मी पुष्कळ बोललो. अर्ध्या खुरपणीचं पुन्हा सांगितलं. तिला सगळं कळत होतं आणि काही पटत नव्हतं. बाहेर वडील दोरखंड घेऊन बसले होते. माझ्या हातात औषध, समोर गाय, आणि मधे आत्या, जिला ती गाय सर्वांहून प्यारी होती. एक रिकामं भांडं तिला आडवं आलं होतं. शेवटी मी हताश होऊन म्हटलं, निदान हात तरी धुऊन घेऊ, आणि पाण्याच्या बादलीत पुडीतले दोन-चार जांभळे दाणे टाकले.

पाणी फिरलं. आधी गुलाबी, मग पार लाल. आत्या वाकून बघत राहिली.

"येवड्याशानं?"

"हो."

"येक दाना किती घरास्नी पुरंल?"

"अख्ख्या गावाला पुरेल, आत्या. पुडीत तर ढीग आहे."

"आन अर्धं दिलं तर उलटत न्हाई?"

"रंग आला म्हणजे झालं. हात धुवायचे, कास धुवायची. प्यायचं नाही."

तिचा चेहरा असा फुलला की मला तिच्या तरुणपणाची कल्पना आली. "मंग हे आधी सांगायचं! हे वाटाया बेस हाय!"

त्या दिवशी गावातल्या प्रत्येक दुभत्या घरी आमच्याकडून लाल पाण्याचं भांडं गेलं. आत्या स्वतः घेऊन गेली आणि प्रत्येक दारात तेच बोलली. दुखणं माझ्या हातानं आलं, म्हणून हात धुऊन आलेय. शेकायला, पिळायला मी येईन, पण माझ्या तांबडीच्या आधी येईन, नंतर नाही. कुणी तिला बोल लावला नाही. आबा एवढंच म्हणाले, "आक्का, गोळीपरास हे पानी बरं दिसतंय." आणि त्यांनी उत्साहाच्या भरात स्वतःच भलतं गडद करून म्हशीला नखशिखांत अंघोळ घातली. आठ दिवस ती म्हैस तांबूस दिसत होती आणि गावातले लोक तिला गाय समजून वाट देत होते.

त्या पाण्याचा एक गुण पुस्तकात दिलेला नव्हता. तळहात तपकिरी व्हायचे आणि लवकर उतरायचे नाहीत. त्यामुळे कोण हात धुतं आणि कोण नुसतं हो म्हणतं, हे मला नमस्कार घेतानाच कळायचं. आत्याचे हात तर कोपरापर्यंत रंगले. मावशी तिला म्हणाल्या, "आक्का, मेंदी लय चढली गं. कुटं ठरलंय का काय?"

"ठरलंय," आत्या म्हणाली. "तुज्या म्हशीसंगट."

तरुणपणापासून जिच्या हाताला कुणी काही लावलं नव्हतं, ती आपले रंगलेले हात पुढे करून खळखळून हसली. मी दारात उभा होतो. ते हसणं अजून कानात आहे.

तांबडीला मी मोठ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सगळ्या कुप्या दिल्या, शेवटचीसुद्धा, गाय उड्या मारण्याइतकी बरी झाली होती तरी. आत्या काठी घेऊन गोठ्याच्या दारात बसायची. एकदा वडील सहज कुपी हातात घेऊन बघायला लागले तर त्यांच्या मनगटावर काठी बसली. बाजाराचा दिवस आला आणि गेला. कास उतरली. तो एक सड मात्र कायमचा आटला. वडिलांनी दोरखंड खुंटीला टांगला. "तीन सडाची गाय बाजारात कोन इचारतो," असं म्हणून स्वतःच्या मनाने त्यांनी व्यवहारी कारण शोधलं. आत्याने लुगडी परत वळणीवर टाकली. आबांची म्हैस शेकून-पिळून बरीचशी सुधारली. दुसऱ्या दोन घरांतली एक सुधारली, एक आटली. त्या घरी आत्या पुढे वर्षभर रोज तांब्याभर दूध देत होती. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

पुढच्या वसुबारसेला तांबडीने ताट उडवलं नाही. त्यानंतर ती व्याली, आणि चिकाचा खरवस आत्याने नेहमीप्रमाणे घरोघर वाटला. एक भांडं तिने माझ्याबरोबर लोणावळ्याला मोठ्या डॉक्टरांसाठी दिलं. ते शहरातले. त्यांनी खरवस आवडीने खाल्ला, भांडं धुऊन माझ्या हातात देऊ लागले, आणि मग थबकले.

"रिकामं चालत नाही ना रे तुमच्यात?"

त्यांनी शिपायाला बाजारात पाठवून चिक्की मागवली आणि भांडं भरून दिलं.

मी भांडं घेऊन घरी आलो तेव्हा आबा आमच्याच ओसरीवर बसले होते. आत्याने झाकण काढलं, वास घेतला, एक वडी उचलून उजेडात धरून उलटसुलट पाहिली.

"गोळी न्हाई ना ही?"

"चिक्की आहे, आत्या. डॉक्टरांनी दिली."

तिने ती वडी आबांच्या हातावर ठेवली. आबांनी अर्धी मोडली आणि उरलेली नातवासाठी म्हणून मुंडाशाच्या टोकाला बांधायला लागले.

"अंहं!" आत्या ओरडली. "पुरी खावा, आबा. नातवाला दुसरी देते. अर्धी ठिवायची न्हाई कुनी!"

आणि त्यांची वडी संपेपर्यंत ती त्यांच्यासमोर उभी राहिली.